तिसगावला बहुरूप्याच्या तपासणीला

पुण्याहून सकाळी सहाच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत एक फाइल होती आणि त्या फाइलवर माझ्याच अक्षरात एक वाक्य होतं. ते मला परत घ्यायचं होतं. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीतले सगळे नगरच म्हणत होते) जाण्याचं दुसरं काही कारण नव्हतं.

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. मी भूगोल शिकवतो. लोककलांवर कधीकाळी दोन लेख लिहिले होते, त्यांच्या पुण्याईवर दिल्लीतल्या एका राष्ट्रीय संस्थेनं मला विश्वस्त नेमलं. ही संस्था देशभरातल्या कलावंतांना साहाय्य देते. निवड झालेल्याला फोटोचं, शिक्क्याचं ओळखपत्रही मिळतं. वर्षातून दोनदा आम्ही विश्वस्त एका लांबलचक टेबलाभोवती बसतो आणि अर्ज पाहतो. पाहतो, वाचतो असं म्हणवत नाही.

गेल्या बैठकीत जेवणाची वेळ झाली होती. शेजारच्या खोलीतून छोल्यांचा वास येत होता. माझ्यासमोर शेवटचा अर्ज आला: गेनबा माने, मुक्काम तिसगाव, तालुका पाथर्डी, कलाप्रकार बहुरूपी. सोबत 'कला सादर करतानाचा फोटो' जोडायचा असतो, तो जोडलेला होता. फोटोत एक फौजदार होता. खाकी वर्दी, काखेत दंडुका, एक भुवई चढलेली. त्या भुवईला पाहून मी खुर्चीत सावरून बसलो. बहुरूपी म्हणजे सोंग घेऊन दारोदार जाणारा, हे मला माहीत होतं. माझ्या दोन लेखांपैकी एक त्यावरच होता. तरी मी लिहिलं, 'अर्जदार पोलीस खात्यात नोकरीला असल्याने अपात्र', खाली सही केली आणि जेवायला गेलो. छोले चांगले झाले होते. दोनदा घेतले.

दीड महिन्यानं गेनबाचं पत्र संस्थेमार्फत माझ्याकडे आलं. 'साहेबांना नमस्कार. फोटोतला पोशाख माझा आहे, नोकरी माझी नाही. आपण मला फौजदार मानलंत त्याबद्दल आभारी आहे. परंतु मला कागदाची फार गरज आहे.'

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. आभार मात्र झोंबले. चार दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी बायको म्हणाली, एवढं मनाला लावून घ्यायचं तर प्रत्यक्ष जाऊन ये. हे ती मला दर दोन महिन्यांनी म्हणते. मनाला लावून घेण्यासारखं माझ्याकडे बरंच असतं.

संस्थेच्या नियमात 'प्रत्यक्ष पाहणी' अशी एक तरतूद निघाली. तिच्यासाठी सात पानी पाहणी-पत्रक आहे. त्यात रंगमंचाची लांबी-रुंदी, प्रकाशयोजना, प्रेक्षकसंख्या असे रकाने आहेत. शेवटच्या पानावर अट आहे की विश्वस्तानं कला स्वतः डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे आणि तशी एका स्थानिक साक्षीदाराची सही हवी. मी तारीख कळवली. उलट टपाली उत्तर आलं: 'त्या दिवशी आमचा बाजार असतो. मी बाजारातच असेन.' बाकी काही नाही.

या एका ओळीवरून मी ठरवून टाकलं की गेनबा मला सोंगात भेटणार, आणि मी त्यांना ओळखू शकतो का, ही त्यांची परीक्षा आणि माझीही. त्यामुळे एसटी स्वारगेटमधून बाहेर पडल्यापासूनच मी सावध होतो. कंडक्टर जरा जास्तच कंडक्टर वाटला. कानावर पेन, गळ्यात मशीन, पोट आधी आणि आवाज मागून. मी त्याच्याकडे पाहून ओळखीचं, समजूतदार असं हसलो.

"काका," तो म्हणाला, "सुट्टे नसतील तर तसं सांगा. हसून भागत नाही."

मी सुट्टे दिले. शिरूर गेलं, सुपे गेलं, आणि नगरच्या स्थानकावर उतरलो तेव्हा तो मला म्हणाला की तब्येत सांभाळा. तो खरा कंडक्टर होता.

नगरला मिसळ खाल्ली. पुण्याच्या माणसानं दुसऱ्या गावच्या मिसळीबद्दल बोलू नये, पण रस्सा असा होता की पहिल्या घासानंतर कान गरम झाले आणि दुसऱ्यानंतर मन शांत झालं. तिथून रिक्षानं भिंगारला आलो. भिंगार म्हणजे शहराला खेटून असलेली छावणी. एकीकडे लष्कराच्या लांब भिंती, चुना फासलेली झाडांची खोडं; दुसरीकडे जुना दाटीवाटीचा बाजार. पाथर्डी रस्त्याला जीप भरायची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्याकडे रोखून बघत आले. कोटावर पदकांची पट्टी, हातात कागद.

"ऑफिसर दिसता," ते म्हणाले. "यावर सही करा."

तो हयातीचा दाखला होता. निवृत्त सुभेदार असून अजून जिवंत असल्याचं कुणा अधिकाऱ्यानं लिहून द्यायचं होतं. मला राहवलं नाही. हाच तो, असं मनानं घेतलं. मी पिशवी खाली ठेवली, मनापासून टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, "वा. उभं राहणं तर अप्रतिम. मिशाही कुठे चिकटवल्यासारख्या दिसत नाहीत."

सुभेदारांनी मिशीला हात लावला. मग त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि जीपवाल्याला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. जीपवाल्यानं मला पुढची जागा न देता मागे बसवलं. सबंध रस्ताभर मला त्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड दिसत राहिलं. जिवंत असल्याचा पुरावा मागायला आलेल्या माणसाला मी खोटा ठरवलं होतं, तेही भर रस्त्यात, टाळ्या वाजवून. फाइलवरच्या एका वाक्यासाठी निघालो होतो. वाटेत दुसरं पाप पदरात पडलं.

भिंगार सुटलं की मोकळं माळरान लागतं. करंजीचा घाट चढताना जीप दमते, आणि माणसं उतरून चालावं की काय असा विचार करतात. घाटाच्या कडेला सीताफळीची झुडपं, त्यांत मेंढरं. वर आलं की एकदम सपाटी: गुडघाभर वाढलेली ज्वारी, पिवळी पडत चाललेली तूर, मध्येच वेचणी उरकलेल्या कपाशीची काळी बोंडं. हा तालुका तसा कोरडा. विहिरी खोल आणि माणसं मोजकं बोलणारी, असं मी टिपणवहीत लिहिलं. दुसरी गोष्ट तासाभरात खोटी ठरली.

तिसगावचा बाजार रस्त्यालाच सुरू होतो. दोन्ही बाजूंना पालं, पोत्यांवर कांदा, लसणाचे ढीग, पत्र्याच्या डब्यांत गूळ, पलीकडे शेळ्या. एका कोपऱ्यात एक बाई मोठ्या पातेल्यातून शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळलेले तिखट रश्शातले तुकडे) वाढत होती. मी उभ्यानंच एक वाटी खाल्ली आणि तिला गेनबा मान्यांबद्दल विचारलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आसंल की हितंच. शेजारच्या चपलावाल्याला विचारलं, तोही हसला. मग मी त्यांना सांगितलं की मी दिल्लीच्या संस्थेचा विश्वस्त असून गेनबांची कला तपासायला आलो आहे.

इथे मी चूक केली. पण ती चूक होती हे मला अजूनही नीट पटत नाही, कारण मी फक्त खरं बोललो होतो.

कांद्याच्या पोत्याशेजारी बसलेली एक मावशी उठली, कमरेवर हात ठेवून मला खालीवर न्याहाळू लागली. मी सदरा, जाकीट, गळ्यात संस्थेचं कार्ड, काखेत फाइल अशा वेषात होतो.

"आरं गेनबा," ती म्हणाली, "औंदा दिल्लीचा सायेब झालास व्हय?"

मी म्हणालो की नाही हो, मी गेनबा नाही, मी खरंच दिल्लीहून, म्हणजे पुण्याहून आलोय. तिनं पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "आवाज बघ कसा काढलाय. आगदी पुन्याच्या वानी."

तोपर्यंत सात-आठ माणसं जमली होती. नंतर मला कळलं ते असं, की दिल्लीचा साहेब येणार हे गावाला महिनाभर माहीत होतं, गेनबा सोंगात येणार हेही त्यांनी माझ्यासारखंच गृहीत धरलं होतं, आणि गेनबाची चण, टक्कल, जरा पुढं आलेलं नाक हे सगळं माझ्यासारखंच आहे. त्यात गेनबाच्या बाबतीत या गावाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नाही. एकदा तो एका म्हाताऱ्याकडे त्याचाच साडू होऊन गेला होता आणि पुरणपोळी खाऊन आला होता. त्यामुळे चेहरा वेगळा आहे, ही गोष्ट त्यांच्या लेखी माझ्या बाजूचा पुरावा नव्हती. ती गेनबाची करामत होती.

मी कार्ड दाखवलं. ते हातोहात फिरलं. एकानं नखानं फोटो खरवडून पाहिला आणि छपाई नगरची का पुण्याची असं विचारलं. दुसऱ्यानं माझे दात जवळून पाहिले. मी जितका गयावया करत होतो तितकी दाद वाढत होती. मी घाम पुसला तर घामालाही दाद मिळाली. शेवटी मी चिडून म्हणालो की एका राष्ट्रीय संस्थेच्या प्रतिनिधीशी असं वागणं शोभत नाही, तेव्हा जोरात हशा झाला आणि मावशीनं माझ्या पिशवीत दोन ओंजळी कांदे टाकले. बहुरूप्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, ही इथली रीत. गूळवाल्यानं गुळाचा खडा दिला. कुणीतरी वाटीभर ज्वारी जाकिटाच्या खिशात ओतली.

मी घेतलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण घेतलं. नको म्हटलं तर ते सोंगाचाच भाग ठरत होतं. आणि खोटं कशाला बोलू, चोपन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या बोलण्याला इतकी दाद कधी मिळाली नव्हती. तिसऱ्यांदा हशा आला तेव्हा मी पुढच्या वाक्याआधी जरा थांबलो. मुद्दाम थांबलो. दुसऱ्याच्या कलेची दाद मी खिशात भरत होतो.

एवढ्यात गर्दीमुळे रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या अडकल्या, हॉर्न सुरू झाले आणि एक हवालदार गर्दी फोडत आला. वयानं पस्तिशीचा, डोळ्यांत झोप. त्यानं विचारलं काय चाललंय. परगावच्या एका व्यापाऱ्यानं, ज्याला गेनबा वगैरे काही ठाऊक नव्हतं, सांगितलं की हा माणूस दिल्लीचा अधिकारी असल्याचं सांगून बाजारात माल गोळा करतोय. माझ्या पिशवीतून कांदे दिसत होते. शब्दशः पाहिलं तर तक्रार खरी होती.

हवालदारानं मला चौकीत नेलं. अगदी नीट नेलं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. चौकी म्हणजे एक खोली, टेबल, भिंतीवर घड्याळ, खिडकीबाहेर लिंब. त्यानं कार्डावरचा दिल्लीचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. दीड वाजला होता. तिकडे जेवणाची सुट्टी असणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

दारात एक माणूस उभा होता. मळकं धोतर, धुवट सदरा, हातात टोपी. बाजारात चहाच्या टपरीच्या बाकावर मी त्याला पाहिलं होतं. सगळे हसत असताना हा एकटा हसत नव्हता, म्हणून लक्षात राहिला होता. तो आत आला आणि हवालदाराला म्हणाला की साहेब खरे आहेत, त्यांना सोडा. मग माझ्याकडे वळला.

"सायेब, मी गेनबा."

मी त्यांच्या चेहऱ्यात फोटोतला फौजदार शोधला. फोटोतल्या भुवईचा कुठं मागमूस नव्हता. मी विचारलं की तुम्ही सोंग का नाही घेतलं? सगळं गाव वाट बघत होतं, मी वाट बघत होतो.

गेनबा टोपी चुरगाळत खाली बघून बोलले. "मागच्या बारीला चांगलं केलं म्हनून नापास झालो. म्हनलं औंदा काईच करायचं न्हाई. आपलं हाय तसं जाऊन बसावं, म्हंजी सायबाला वळखू येईल."

मी त्या क्षणी फाइल उघडून माझं वाक्य त्यांना दाखवलं. हे मी लिहिलं, म्हणालो, मला भूक लागली होती म्हणून. त्यांनी ते वाचलं नाही. वाचता येतं की नाही मला माहीत नाही (पत्रं कुणाकडून लिहून घेतली असतील), विचारायचं धाडस झालं नाही. ते एवढंच म्हणाले की भुकेत हुतं आसं.

मग कागद कशाला हवा आहे ते त्यांनी सांगितलं. हवालदारही ऐकत होता. गेल्या उन्हाळ्यात ते सोंग घेऊन शेजारच्या जिल्ह्यात एका अनोळखी गावी गेले होते. कुणाच्या तरी मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा निरोप फिरत होता. लोकांनी त्यांना धरलं. ते सांगत होते मी बहुरूपी आहे, पन्नास वर्षं झाली, बाप-आजाही हेच करत होते. लोक म्हणाले, बहुरूपी असल्याचा कागद दाखव. आधार कार्ड दाखवलं तर म्हणाले, हे गेनबा असल्याचं झालं, बहुरूपी असल्याचं कुठं झालं? दुपारपर्यंत मारुतीच्या देवळाच्या खांबाला बांधून ठेवलं. एका म्हाताऱ्यानं ओळखलं म्हणून सुटले. डावा खांदा अजून पुरता वर जात नाही.

"तवापून सोंगाची पेटी उघडली न्हाई," गेनबा म्हणाले. "मालकीन म्हनती, कागद आला तर जा, न्हाईतर पेटी मोडीत घालते. तिचं बी खरं हाय. आन आमच्यात माझ्यामागं कुनी न्हाई ह्ये करनारं."

मी पाहणी-पत्रक काढलं. शेवटच्या पानावरची अट मी त्यांना समजावून सांगितली: मी कला डोळ्यांनी पाहिलेली हवी. तुम्ही तर आज काही केलंच नाही. मी खोटं लिहू शकत नाही. एकदा न बघता लिहिलं, त्याचं हे झालं.

हवालदार इतका वेळ टेबलावर कोपर टेकून बसला होता. तो म्हणाला, थांबा, आधी माझा प्रश्न सुटू द्या. हे साहेब खरे हे कशावरून? मला तर हा तुझाच जोडीदार वाटतो.

गेनबांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ती नजर एका कारागिराची होती. "जमादार, सोंग आस्तं तर ह्याच्यापरीस बरं वठलं आस्तं. आसा घाबरट सायेब कुनी सोंगात आनीत न्हाई. लोक दान देत न्हाईत."

"बाजारात तर देत होते."

"ते मला देत हुते," गेनबा म्हणाले.

माझी ओळख यापेक्षा कमी शब्दांत कुणी सिद्ध केली नसेल. हवालदाराला ते पटलं. त्यानं माझं कार्ड मला परत दिलं, आणि मग नुसत्या उत्सुकतेनं विचारलं, की मग चांगला साहेब कसा असतो?

गेनबा वळले. दाराकडे गेले, बाहेर पडले. आम्हाला वाटलं गेले. लिंबाखाली क्षणभर त्यांची पाठ दिसली. खांदे वर गेले. डावा थोडा कमी गेला. मग पावलं वाजली. वहाणा त्याच, पण आता त्या बुटांसारख्या वाजत होत्या.

"चौकीत कोन हाय?"

मी भूगोल शिकवतो, आवाजाचं वर्णन करणं माझ्या आवाक्यातलं नाही. इतकंच सांगतो की त्या आवाजाच्या आधी खोलीत गारवा शिरला. गेनबा उंबऱ्यात उभे होते. धोतर तेच, सदरा तोच, पण भुवई चढली होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, टेबलावरच्या चहाच्या पेल्याकडे पाहिलं, मग हवालदाराच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे पाहिलं. तिथेच नजर थांबली.

हवालदार उभा राहिला. खुर्ची मागे सरकली. त्यानं टोपी डोक्यावर घातली, बटण लावलं, टाचा जुळवल्या. मीसुद्धा उभा होतो. कधी उठलो आठवत नाही. पिशवी कलंडली आणि कांदे टेबलाखाली गेले, तरी आम्ही दोघं हललो नाही.

गेनबा तसेच दोन पावलं पुढं आले. "तुमच्यावर तुमच्याच शेळीनं फिर्याद दिलीय," ते हवालदाराला म्हणाले, त्याच आवाजात, एकही रेषा न हलवता. "दोन दिवस झाले, पाला टाकला न्हाई म्हनती. जबाब द्या."

"टाकतो, साहेब," हवालदार म्हणाला.

खिडकीत जमलेल्या माणसांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. गेनबांची भुवई उतरली आणि त्यांनी घाईघाईनं हात जोडले. खऱ्या वर्दीसमोर, खऱ्या चौकीत त्यांनी हे केलं होतं, आणि ते त्यांना आता कळलं. मला वाटलं, संपलं. या माणसाला आता माझ्यामुळे आत टाकणार.

हवालदार सावकाश खाली बसला. "उठलो नव्हतो मी," तो म्हणाला. "पाय अवघडला होता."

"व्हय," खिडकीतून मावशी म्हणाली. "आन बटन बी अवघडलं हुतं."

हवालदाराचा हात बटणाकडे गेला. मग त्यालाच हसू आलं.

मी पत्रक भरायला घेतलं. रंगमंच: चौकीचा उंबरा ते टेबल. प्रकाशयोजना: ऊन. प्रेक्षक: दोन, शिवाय खिडकीत काही. साक्षीदाराच्या रकान्यापाशी मी थांबलो. सही करायची म्हणजे हवालदारानं लेखी कबूल करायचं की तो बहुरूप्याला पाहून उभा राहिला. तो खूप वेळ कागदाकडे बघत बसला. अखेर त्यानं सही केली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सदर इसम बहुरूपी आहे याची खात्री झाली.'

पण हे पत्रक दिल्लीला जाणार, बैठकीत ठेवलं जाणार, ओळखपत्र निघेपर्यंत किती दिवस लागतील देव जाणे. गेनबा मला म्हणाले, सायेब, आज काही हातात देता येईल का. मग मी संस्थेच्या कोऱ्या कागदावर लिहिलं: 'गेनबा माने यांना मी ओळखतो. हे बहुरूपी आहेत. यांच्याबद्दल शंका आल्यास मला फोन करावा.' खाली माझं नाव आणि माझा स्वतःचा नंबर. असं लिहायचा मला कुठलाही अधिकार नाही. विश्वस्तानं एकट्यानं कुणालाही काही लिहून देऊ नये, असा नियमच आहे. गेनबांनी कागद उजेडात धरला आणि शिक्का नाही म्हणाले. हवालदारानं खण उघडला. त्याच्याकडे एकच शिक्का होता, आलेल्या टपालावर मारायचा. त्यानं तो मारला. कागदावर जांभळ्या शाईत उमटलं, 'आवक'. गेनबांना तो फार आवडला.

संध्याकाळच्या जीपनं परत निघालो. मावशीचे कांदे मी गेनबांच्या घरी दिले. त्यांच्या मालकिणीनं घेतले, पण कागदाकडे आणि माझ्याकडे सारख्याच अविश्वासानं पाहिलं. भिंगारला उतरून मी सुभेदारांना शोधलं. दाखला त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतला होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, मिशी खरी आहे, ओढून बघा. मी ओढली नाही.

पुढं दिल्लीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं: माझं पहिलं वाक्य, चौकी, आणि तो नियमबाह्य कागदही. अध्यक्षांनी माझ्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आणि माझ्या वर्तनाबद्दल एक उपसमिती नेमली. गेनबांचा अर्ज त्या उपसमितीच्या अहवालाला जोडला गेला आहे. ओळखपत्र अजून निघालेलं नाही. पूर्वी मला वाटायचं की विश्वस्ताचं काम त्या लांब टेबलाशी असतं. आता वाटतं, फोन जवळ ठेवणं हेही काही कमी काम नाही.

कारण गेनबांनी पेटी उघडली आहे. आठ-पंधरा दिवसांनी कुठल्यातरी गावातून मला फोन येतो. मी वर्गात असलो तरी बाहेर जाऊन घेतो. परवा एका गृहस्थांनी गाव सांगितलं, ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणाले, आमच्याकडं एक फौजदार आलाय, त्याच्याजवळ तुमचा कागद हाय, ह्यो मानूस खरा का?

खरा आहे, मी म्हणालो. मग तुमी खरे कशावरून, त्यांनी विचारलं. मी घाबऱ्या घाबऱ्या बोलत सुटलो: त्यांना बांधू नका, हात लावू नका, खांदा दुखरा आहे त्यांचा, सावलीत बसवा, पाणी तरी द्या.

"जेवतोयच की त्यो," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "आमी आपलं इचारलं."